डाव्या तळहातावरचे लिंबू

या लेखनामागे एकच प्रश्न होता आणि तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. तो असा: 'पूर्वी तालमीत पहिल्याच दिवशी नवशिक्याच्या डाव्या तळहातावर लिंबू ठेवून ते तलवारीने कापीत असत, कारण उजवा हात राजासाठी राखलेला असे' हे वाक्य आले कोठून?

हे वाक्य मी प्रथम ऐकले ते शेजारणीच्या मोबाईलवर. ती शिवणकाम करते. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एक आहे, त्यामुळे तिच्या मशीनचा आवाज मला घड्याळासारखा सवयीचा आहे. त्या दिवशी दुपारी मशीन बंद झाली आणि ती मोबाईल घेऊन माझ्या ओसरीवर आली. बिदर जिल्ह्यात, चिंताकीच्या रस्त्याला असलेल्या आमच्या गावात मी तीस वर्षे मराठी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतरही लोक शंका घेऊन येतात, तशीच ती आली असावी असे मला वाटले.

व्हिडिओ सात मिनिटांचा होता. शीर्षक होते 'काठी आणि तलवार: नवशिक्यांसाठी इतिहास'. मागे ढोल वाजत होते, किल्ल्याचा बुरूज दिसत होता, आणि एक भारदस्त आवाज सांगत होता की ही विद्या बिदरच्या किल्ल्यातल्या शिपायांची आहे, तिच्यात भित्र्याला जागा नव्हती, आणि म्हणून पहिल्याच दिवशी लिंबाची परीक्षा होई. मग ते वाक्य आले. शेवटी एका माणसाने हात पुढे केला, पाते चमकले, आणि लिंबाच्या दोन फोडी हळूहळू, फार हळूहळू, हवेत उडाल्या.

"सर, हे खरं हाय का?" तिने विचारले.

मी विचारले, तुला कशाला हवे? तेव्हा तिने सांगितले. गावच्या तालमीत सकाळी बायकांनाही काठी शिकवायला लागले होते आणि ती तीन आठवडे जात होती. जत्रेला बारा दिवस उरले होते. जत्रेत तालमीचा कार्यक्रम होता, आणि तिथे लिंबू हातावर ठेवून उभे राहायला तिची निवड झाली होती. तलवार चालवणार होता तो तालमीत शिकवणारा, माझाच एक जुना विद्यार्थी.

ती घाबरली होती, पण नाही म्हणायला तयार नव्हती. कारण मला ठाऊक होते. तिचे घर धम्म स्वीकारलेल्यांपैकी. तिच्या आजोबांना त्याच तालमीच्या ओट्यावर टेकू देत नसत. आता तिला आत बोलावून, हातात काठी देऊन, सगळ्या गावासमोर उभे करणार होते. अशा वेळी मागे सरणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मी तिला म्हणालो, मला चार दिवस दे, शोधून सांगतो.

आता पद्धत सांगतो. वहीच्या पानावर मी तीन रकाने आखले: व्हिडिओ केव्हाचा, त्यात काय सांगितले, आणि ते कोणाच्या आधाराने सांगितले. असे अकरा व्हिडिओ पाहिले. काही मराठीत होते, काही कन्नडात, दोन तेलुगूत, एक दखनीत. तिसरा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. 'जुने लोक सांगतात', 'इतिहास साक्षी आहे', 'संशोधकांच्या मते' असे शब्द होते. जुने लोक कोण, संशोधक कोण, याचा पत्ता नव्हता.

मी अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. त्या कामातून एक गोष्ट शिकलो. दोन मुलांचे उत्तर बरोबर आणि सारखे असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण दोघांनीही अभ्यास केलेला असू शकतो. पण दोघांची चूक सारखी असेल, आणि चूक चमत्कारिक असेल, तर एकाने दुसऱ्याचे पाहिलेले असते. अकराच्या अकरा व्हिडिओंत हात डावाच होता आणि उजवा राजासाठीच राखलेला होता. चार भाषांतल्या माणसांना हे स्वतंत्रपणे सुचणे शक्य नव्हते. म्हणजे हे एकाच ठिकाणाहून उतरवून घेतलेले होते. ते ठिकाण शोधायचे, एवढेच काम उरले.

या चार दिवसांत सकाळी सकाळी तालमीकडून एक आवाज येऊ लागला होता. दगडावर पाते घासल्याचा. आधी लांब, मग आखूड, मग पुन्हा लांब. भिंतीपलीकडची मशीन त्या वेळी सुरू नसे. ती तालमीत असे.

चौथ्या दिवशी मी व्हिडिओ तारखेप्रमाणे लावले आणि सर्वांत जुना पुन्हा पाहिला. तो आमच्याच तालमीत काढलेला होता. किल्ला नव्हता, ढोल नव्हते. मोबाईल हातात धरून कोणीतरी तालमीतून फिरले होते. तिसऱ्या मिनिटाला भिंतीवरचा एक फलक दोन क्षण दिसला. मी चित्र थांबवले. पिवळी पडलेली ड्रॉइंग शीट, निळ्या आणि लाल स्केचपेनची अक्षरे, शीर्षकाखाली पट्टीने ओढलेली दुहेरी रेघ. ते अक्षर माझे होते.

स्क्रीन आपोआप काळी झाली. मी ती पुन्हा उजळली नाही.

मग आठवत गेले. शाळेत 'आपला परिसर, आपला इतिहास' असे प्रदर्शन होते आणि बीईओ साहेब, म्हणजे तालुक्याचे शिक्षणाधिकारी, पाहायला येणार होते. मी तालमीवर एक फलक करायला घेतला. माहितीसाठी वस्तादांकडे गेलो. वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे जुने शिक्षक, घरी दखनी बोलणारे. त्यांनी जे सांगितले ते मी त्या वेळी वहीत नीट उतरवले होते. त्यांचे उस्ताद आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचे एक लिंगायत शेतकरी होते. म्हणून आमच्या तालमीत पावले कन्नडात मोजतात, ओंदू, येरडू, मूरू. वारांची नावे दखनीत आहेत. आणि चुकल्यावर शिव्या मराठीत मिळतात. नवशिक्याला काठी देत नसत. त्याला तुराटी देत. तुरी झोडपल्यावर जी वाळकी काडी उरते, जी आमच्याकडे चुलीत जाते, ती तुराटी. तिने समोरच्याच्या खांद्यावर वार करायचा आणि सदऱ्यापासून बोटभर अंतरावर थांबवायचा. वार लागला की तुराटी मोडते. ज्याची मोडली तो त्या दिवशी कडेला बसायचा. एक तुराटी महिनाभर टिकवली की मगच वेळूची काठी हातात यायची.

हे सारे खरे होते आणि मी ते फलकावर लिहिले नाही. कारण सरळ सांगतो. मला त्याची लाज वाटली. बीईओ साहेबांसमोर गावच्या इतिहासात सरपणाची काडी कशी मांडायची? चार ओळी लिहून पाहिल्या, फार दरिद्री दिसल्या. तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. बिदरचा किल्ला आमच्या तालमीला जोडला. आणि लहानपणी एका जत्रेत तळहातावर कापताना पाहिलेले लिंबू आणले. तिथे ते धरणारा आणि कापणारा दोघेही उतारवयाचे होते, जन्मभर एकमेकांबरोबर खेळलेले. मी ते उचलून 'पहिल्या दिवशी' ठेवले. डाव्या हाताचे कारणही मीच रचले. मुलांना कारण दिले की वाक्य पाठ होते, हा माझा वर्गातला अनुभव. बीईओ साहेबांनी तेच वाक्य मोठ्याने वाचले आणि माझ्या पाठीवर थाप दिली. प्रदर्शन संपल्यावर फलक तालमीला भेट म्हणून गेला.

प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. ते घेऊन मी आधी वस्तादांकडे गेलो.

ते ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसले होते. नजर आता अधू आहे, खडे बोटांनीच ओळखतात. मी सारे सांगितले. ते निवडत राहिले. मग म्हणाले, "सर, हातावर लिंबू म्या कदी कापलं न्हाई. माज्या उस्तादानं बी न्हाई. हात काय लिंबू ठिवायची जागा हाय?"

त्या सर्वांत जुन्या व्हिडिओत वस्तादही होते. कोणीतरी ते वाक्य सांगत असताना ते होकारार्थी मान हलवत होते. मी विचारले, मग मान का हलवलीत?

"तुमी लिवलं व्हतं की. शिकलेला मानूस लिवायलाय म्हंजे कुठंतरी असंल, असं वाटलं." त्यांनी एक खडा बाजूला ठेवला. "मग लोक आले, शाल घातले. किल्ल्याच्या शिपायाचा नातू म्हनले. माजा बाप बैलाला नाल मारायचा, सर. मेल्यावर इतक्या वर्सांनी त्यो शिपाई झाला. मला बी बरं वाटलं."

मी त्यांना म्हणालो, उद्या सकाळी माझ्याबरोबर तालमीत चला आणि एवढेच सांगा. त्यांनी डाळीचे सूप खाली ठेवले. मग म्हणाले, "नक्को. त्या शालीत माजा फोटो लावलेत तिथं. त्या फोटोखाली बसून म्या काय सांगू?" मी पुन्हा विचारले नाही. ज्याने फलक लिहिला त्याने दुसऱ्याला धैर्य शिकवणे मला जमले नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. जत्रेला सात दिवस होते.

तालमीत पंधराएक जण होते, त्यांत चार बायका. शेजारीण भिंतीशी पदर खोचून उभी होती. माझा जुना विद्यार्थी तलवारीचे पाते कापडाने पुसत होता. बसस्टँडजवळ त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. वस्तादांकडे तो चार वर्षे शिकला आणि पुढचे व्हिडिओ पाहून. तो वाईट माणूस नाही, हे नमूद करतो. तालमीत बायकांना आणले ते त्यानेच, आणि त्यासाठी घरच्यांची बोलणी खाल्ली. भिंतीवर माझा फलक होता. त्याला आता काच बसवली होती.

मी सगळ्यांसमोर सांगितले की फलकावरचे ते वाक्य खोटे आहे.

"सर, तुमीच लिवलंय की," तो हसून म्हणाला.

"मीच लिहिले. म्हणूनच सांगतो, ते खोटे आहे."

त्याने मोबाईल काढला आणि एकामागून एक व्हिडिओ दाखवू लागला. हे तेलंगणातले, हे सोलापूरकडचे, हे कलबुर्गीचे. सगळेच खोटे बोलायलेत का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, सगळ्यांनी माझ्याकडून उतरवून घेतले आहे. त्यावर त्याने शांतपणे विचारले, "मग तुमी कुनाकडून उतरवला?"

"कुणाकडूनच नाही. मनाने लिहिले."

तो मान हलवू लागला. "तसं व्हयाचंच न्हाई, सर. तुमी पुस्तकाबिगर एक शब्द सांगत नव्हता. साल चुकलं तर छडी मारायचा. तुमी मनानं लिवताल?" मग इतरांकडे वळून, माझी बाजू सावरावी तसे म्हणाला की सरांचे वय झाले, कुठल्या पुस्तकात वाचले ते आता आठवत नसेल. लोक समजूतदारपणे हसले. कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली.

तीस वर्षे मी जे नाव कमावले होते ते त्या खोट्या वाक्याच्या पाठीशी उभे राहिले होते, आणि माझ्याने ते तिथून हलवेना. मी खुर्चीत बसलो. सराव पुढे सुरू झाला.

जमिनीवर एक वीट होती. तिच्यावर लिंबू ठेवून तो कापत होता. चांगला कापत होता, हेही खरे. लिंबू दर वेळी दुभंगत होते आणि मंडळी वाहवा करत होती. फोडी उचलताना कोणी खाली पाहत नव्हते. मी खुर्चीतून उठलो, गुडघ्यावर बसलो आणि विटेवर हात फिरवला. धूळ झटकली. विटेवर नव्या खुणा होत्या, लाल आणि ताज्या. मी मोजल्या. मग बाजूला पडलेल्या फोडी जोडीजोडीने लावल्या. नऊ लिंबे, पाच खुणा. दोन खुणा इतक्या खोल होत्या की त्यांत नख बसत होते.

शेजारणीला हाक मारली आणि बोट ठेवून खुणा दाखवल्या.

ती वाकली. शिंपी कापडाची वीण पाहतो तसे तिने त्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग आपला डावा हात विटेच्या बाजूला जमिनीवर ठेवला, पालथा नव्हे, उताणा, आणि नुसता पाहत राहिली. कापड मशीनखाली सरकवणारा हात तो. उजवा चाक फिरवतो, पण कापडाची दिशा डावा धरतो.

उठून ती म्हणाली, "अण्णा, अजून दहा लिंबं कापा. विटेवर एक बी खूण पडली न्हाई तर हात देते."

तो तयार झाला. दुसरी, कोरी वीट आणली. पहिले लिंबू कापले, खूण नाही. दुसरे, नाही. तिसरे, नाही. लोक पुढे सरकले. चौथ्याला विटेतून टण्ण असा आवाज आला. लिंबाच्या फोडी सुरेख पडल्या होत्या. विटेचा एक टवका उडून भिंतीपाशी गेला.

"हातावर असताना मानूस जपून मारतो," मागून कोणी म्हणाले.

"मग आता कामून जपला न्हाई?" ती म्हणाली.

तिने काठी कोपऱ्यात टेकवली, चपला घातल्या. दाराशी एकाने टोमणा मारला, "मशीनीवरच बसा आता, अक्का."

"बसते की. त्यासाठीच हात संग न्यायलेय."

त्या दिवशी भिंतीपलीकडची मशीन लवकर सुरू झाली. मी ओसरीत बसून ऐकत होतो. इथे हा लेख संपला असता तर मला आवडले असते.

जत्रेत कार्यक्रम झाला. तिच्या जागी दोन आठवड्यांपूर्वी तालमीत आलेला एक तरुण शेतकरी उभा राहिला. त्याने स्वतःहून नाव दिले होते. फलक मोठ्याने वाचला गेला. त्याने डावा हात पुढे केला. मी मागच्या रांगेत होतो आणि शेवटच्या क्षणी मी डोळे मिटले. टाळ्या ऐकून उघडले. लिंबू कापले गेले होते, हात शाबूत होता. तो हात उंच धरून सगळ्यांना दाखवत होता.

मला आनंद झाला, तो खराच होता. पण दोनच दिवसांत त्याचा व्हिडिओ निघाला, आणि मला कळले की जखम झाली असती तर जे थांबले असते ते आता थांबणार नाही. आतापर्यंत ते एक वाक्य होते. आता तो पुरावा झाला. व्हिडिओखाली मी माझे नाव आणि कबुली लिहिली. तिच्याखाली एकाने नमस्काराचे चिन्ह टाकले, दुसऱ्याने लिहिले की असे नम्र गुरू आता मिळत नाहीत. मग वाहवांच्या गर्दीत ती कबुली खाली खाली गेली. मी तुराटीचा नवा फलक करून तालमीला दिला. त्यांनी आदराने घेतला. परवा गेलो तेव्हा तो चटयांच्या मागे उभा करून ठेवलेला होता. जुना मागितला तर म्हणाले, तो आता तालमीचा आहे.

तिच्या पाठोपाठ बाकीच्या तिघी बायकाही तालमीत जायच्या थांबल्या. ती भित्री निघाली असे गावात म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत.

या वर्षीच्या जत्रेची जाहिरात आली आहे. तीत लिहिले आहे की जुन्या परंपरेनुसार दोन्ही तळहातांवर लिंबू ठेवण्यात येईल. ही परंपरा मी लिहिलेली नाही. ती कोणी लिहिली हे मला माहीत नाही, आणि तिसऱ्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नाही. दोन्ही हात कोण पुढे करणार, हेही अजून ठरलेले नाही, असे कळते. सकाळी दगडावर पाते घासल्याचा आवाज पुन्हा येऊ लागला आहे.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात जुनी तालीम असेल, तर तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जाऊन विचारा की पहिल्या दिवशी तुमच्या हातात काय दिले होते. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि ते आणखी एका म्हाताऱ्याला दाखवा. मी इथे जे लिहिले आहे त्याचीही तशीच तपासणी करा. माझ्या अक्षरावर विसंबू नका. कृपया स्वतः जाऊन पाहा.